कच्चा बचनाग

निघोज्यात आमच्या खोल्यांच्या लाईनीत कस्तुरा सगळ्यात शेवटच्या खोलीत राहते. मी मधल्या खोलीत, ब्लाउज शिवते. भिंती अशा की शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी आपलाच हात गॅसकडं जातो. त्यामुळं तिच्या घरातलं पुष्कळसं मी भिंतीतून ऐकलेलं आहे आणि उरलेलं तिनं माझ्या मशीनपाशी बसून स्वतः सांगितलेलं आहे. लोक आता तिच्याबद्दल दोन तोंडांनी बोलतात. मी एकाच तोंडानं सांगते.

ती कळंबकडची. नवरा ज्ञानदेव चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर होता, ठेकेदाराकडून. दिवसभर उभं राहायचं, वाकून पत्रे उचलायचे, मशीनखाली सरकवायचे. कस्तुरा दुसऱ्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. मुलगी मिनल अकरावीला. ज्ञानदेव बोलका माणूस. नळावर उभा राहिला की सगळ्या लाईनीची चौकशी करायचा. मग त्याची कंबर धरली. आधी सकाळी उठताना कळ यायची, मग बूट घालायला मिनल लागायला लागली. डॉक्टरांनी फोटो काढला, गोळ्या दिल्या, आराम करा म्हणाले.

"आराम?" ज्ञानदेव हसला होता. "ठेकेदाराकडं आराम मागितला की तो कायमचाच देतो."

चाकणच्या बाजारात त्याला साहेबराव भेटला. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का, समोर ताडपत्रीवर मुळ्यांचे ढीग. कंबर, गुडघे, मणके, सगळ्यावर एकच चूर्ण, मधातून घ्यायचं. साहेबराव मावळातला, पिढीजात मुळ्या काढणाऱ्या घरातला. गोड बोलायचा. पुडी देताना तो काय म्हणाला ते ज्ञानदेवनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, "एकच पथ्य. इंग्रजी डॉक्टरला यातलं काय सांगायचं न्हाई. त्यांना मुळ्या कळत न्हाईत, उगा भ्या घालत्यात मानसाला."

आणि गुण आला. खोटं कशाला बोलू, आला. आठवडाभरात ज्ञानदेव आपले बूट आपण घालायला लागला, अंघोळ करताना गाणं म्हणायला लागला. लाईनीतल्या आणखी दोघांनी पुड्या आणल्या. माझ्या नवऱ्यानंही आणली असती, पण तो कडू खात नाही म्हणून राहिला.

पुढं पुडी संपली, ज्ञानदेवनं नवी आणली. त्याच माणसाची, तेच चूर्ण. सुट्टीचा दिवस होता. जेवणानंतर त्यानं ते मधात कालवून चाटलं आणि थोड्या वेळानं कस्तुराला म्हणाला, "ओठाला मुंग्या आल्यात गं. मिरची जास्त झाली का आज?" तो हसत होता. मग म्हणाला, जीभ जड झाली. मग तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, गाल आपला नाही असं वाटतंय. उलट्या सुरू झाल्या. अंग घामानं थंडगार. मी धावत गेले तेव्हा तो छातीवर हात ठेवून बसला होता आणि म्हणत होता, "आत पाखरू फडफडतंय."

चौकातल्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर चांगला होता. त्यानं नाडी धरली, हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, ती बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि सरळ विचारलं, "काय खाल्लं? बाहेरचं काही? कसलं औषध चालू आहे?"

ज्ञानदेवनं मान हलवली. "काय न्हाई साहेब. घरचंच जेवन."

कस्तुरानं तोंड उघडलं होतं. ज्ञानदेवनं तिचं मनगट दाबलं. तिनं तोंड मिटलं. डॉक्टरनं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. त्यानं सलाईन लावलं आणि हृदयाचं दिसतंय म्हणून पिंपरीला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. अँब्युलन्स आळंदी फाट्याला अडकली. कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, पुढं काही हलेना. ज्ञानदेव शेवटपर्यंत शुद्धीत होता. "कस्तुरे, मला पाय हायत का बघ," असं म्हणाला. तिनं पाय चोळून दाखवले. मोठ्या दवाखान्यात पोचले तेव्हा नाडी लागत नव्हती. तिथल्या लोकांनी बराच वेळ छाती दाबली, शॉक दिले, पण ज्ञानदेव गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर तिला बाजूला घेऊन विचारलं, "एखादं झाडपाल्याचं, मुळीचं औषध घेत होते का?"

तेव्हा तिनं सांगितलं.

"हे आधी कळलं असतं तर..." बाई बोलल्या आणि मध्येच थांबल्या. ते अर्धं वाक्य कस्तुराच्या छातीत रुतून बसलं. काही महिन्यांनी तपासणीचा रिपोर्ट आला. पोटात बचनाग निघाला. बचनाग म्हणजे शिंगासारखी दिसणारी एक काळसर मुळी. नीट शिजवून, शुद्ध करून जाणते वैद्य ती चिमटीनं वापरतात. कच्ची असली तर तीच हृदयाचा ठोका बिघडवते. आणि किती बिघडवेल ते प्रत्येक मुळीगणिक वेगळं. हे सगळं कस्तुराला नंतर कळलं.

पोलीस म्हणाले, पुडीवर नाव नाही, दुकान नाही, पावती नाही. साहेबराव चाकणच्या बाजारातून उठून गेला होता. बाजूचे म्हणायचे, कुठं गेला माहीत नाही. कस्तुराचा दीर नवनाथ गावाहून आला होता. तो म्हणाला, "वहिनी, चला गावाकडं. झालं ते झालं."

"मला हितंच राहायचंय," ती म्हणाली. मिनलच्या कॉलेजमुळं राहते म्हणतेय, असं आम्हाला वाटलं.

वर्ष सरलं. कँटीनमध्ये तिच्या जोडीला चपात्या लाटणारी करिष्मा एक दिवस सहज म्हणाली, "माझी सासू बघ आता जिने चढते. आळंदीत एका बाबाकडून चूर्ण आणते. मधातून."

कस्तुराचं लाटणं थांबलं. "कसा दिसतो गं तो?"

करिष्मानं सांगितलं. कस्तुरानं तिला तिथल्या तिथं सांगितलं, घरी जाऊन ती पुडी मोरीत टाक, सासूला काय सांगायचं ते सांग. आणि दुसऱ्या दिवशी खाडा करून आळंदीला गेली.

टाळ, तुळशीच्या माळा, बुक्क्याच्या डब्या विकणाऱ्या दुकानांच्या गल्लीत त्यानं आता गाळा घेतला होता. बाहेर पाटी, आत काचेच्या बरण्या. कस्तुरा समोरच्या बाजूला उभी राहून बराच वेळ त्याच्याकडं बघत होती. पायातली चप्पल काढून त्याचं थोबाड फोडावं असं वाटलं, असं तिनं मला सांगितलं. "पन मग काय? लोक मलाच धरतील, येडी म्हनतील. त्यो परत बरण्या मांडून बसंल."

तिला बघून त्यानंच हाक मारली. "काय दुखतंय ताई?"

"काय न्हाई. काम पाहिजे. कुटायचं, चाळायचं."

त्याला बाई हवीच होती. आधीची बाई, बोटं बधिर होतात म्हणून, काम सोडून गेली होती. कस्तुराला तो ओळखत नव्हता, त्यानं फक्त ज्ञानदेवला बघितलेलं. नाव विचारलं, तिनं खरं सांगितलं. गाव विचारलं, कळंब सांगितलं. निघोजे काढलं नाही.

असं तिनं कँटीन सोडलं आणि नवऱ्याला ज्यानं मारलं त्याच्याच दुकानात खलबत्ता धरला. मला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. आळंदीला माळा ओवायचं काम मिळालंय, एवढंच बोलली होती. हातांना फडकी गुंडाळून ती मुळ्या कुटायची. तरी घरी आल्यावर बोटांची टोकं चाचपत बसायची, मला वाटायचं माळा ओवून दुखतात.

तिला तिथं अडचण झाली ती साहेबरावाच्या स्वभावाची. माणूस दुष्ट नव्हता. दुपारी ताक आणायचा, आधी तिला द्यायचा. सरूबाई नावाची एक म्हातारी घाटावर फुलं विकायची, तिला पुडी फुकट द्यायचा. मिनलच्या परीक्षेच्या वेळी त्यानं पेढे दिले होते. "वाईट असता तर बरं झालं असतं," कस्तुरा मला म्हणाली. "रोज सकाळी मला नव्यानं राग आनावा लागायचा."

तिनं काय केलं, तर चूर्ण कालवताना बचनाग बाजूला काढायला लागली. तो केराच्या पिशवीत, आणि पुड्यांमध्ये नुसती सुंठ आणि बाकीच्या मुळ्या. निदान आपल्या हातून कुणी मरू नये. काही दिवस हे चाललं. मग गिऱ्हाईक कुरकुर करायला लागलं. आता पहिल्यासारखा गुण येत नाही, कळ तशीच आहे. साहेबराव बुचकळ्यात पडला आणि त्यानं कालवायचं काम स्वतःकडं घेतलं. कस्तुराला फक्त कुटायला ठेवलं. मोठी बरणी तो आपल्या हातानं भरायचा आणि त्यात बचनाग आधीपेक्षा जास्तच घालायचा, गेलेलं नाव परत मिळवायला.

त्याच दिवसांत तिनं ती डबी बघितली.

गाळ्याच्या मागं चूल होती. एका दुपारी साहेबराव तिथं दुधात मुळ्या उकळत बसला होता. दूध आटलं की ओतून टाकायचा, नवं घालायचा, सावकाश, देवाचं काही करावं तसं. कस्तुरानं विचारलं, "हे काय करताव?"

"शुद्ध करतोय. माझ्या आयेची रीत हाय. आधी भिजवायचं, मग दुधात शिजवायचं, त्याबिगर बचनागातलं विष जात न्हाई. मागं जीपमदनं पडलो व्हतो, तवापासनं माझा खुबा दुखतो. माझ्यापुरतं करून ठेवतो या डबीत."

"मग बरणीतलं?"

"एवढ्या लोकांचं कधी शिजवत बसू? येवढं दूध कुठनं आनू? सुकलेलीच कुटायची. थोडीच तर अस्ती. पचती लोकांना." आणि पितळेच्या डबीत आपलं चूर्ण भरत तो हसून म्हणाला, "आपल्या पोटात जायचं म्हंजे नीट नको का करायला?"

कस्तुरा खलबत्त्यापाशी येऊन बसली. त्याला माहीत होतं. तोवर तिच्या मनात कुठंतरी होतं की या माणसाला कळत नसेल, अडाण्यानं केलेली चूक असेल. त्याला सगळं माहीत होतं, आणि स्वतःसाठी तो दूध आटवत होता.

तरी ती आधी पोलीस चौकीत गेली. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक हे सांगत नाहीत. तिथल्या हवालदारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही त्याच्याकडंच कामाला? मग तुम्हीच कुटून दिलं म्हणा की. लिहू का तसं?" ती परत आली.

दुसऱ्या दिवशी तिनं काम केलं ते एवढंच. साहेबराव नदीवर गेला असताना पितळेच्या डबीतलं चूर्ण ओतून टाकलं आणि मोठ्या बरणीतलं, गिऱ्हाइकाचं, तिच्यात भरलं. बाहेरून कणभर काही आणलं नाही. त्याचंच त्याला दिलं.

"मरंल असं वाटलं न्हाई तुला?" मी विचारलं होतं.

"वाटलं की. मरंल का जगंल ते मी ठरवलं न्हवतं. ज्ञानदेवचं त्यानं ठरवलं व्हतं का?"

जेवण झालं. साहेबरावानं दुकानाचा पडदा ओढला, डबी उघडली, मधाची बाटली घेतली. कस्तुरा खलबत्त्यापाशी बसून होती. त्यानं चाटण घेतलं, पाणी प्यायला, लवंडला. मग हळूच उठून बसला. ओठांवरून जीभ फिरवली. त्याला ज्ञानदेवसारखी मिरची आठवली नाही, कारण त्याला कळत होतं.

"ताई," तो म्हणाला, "या डबीला हात लावला का कुनी?"

"मी लावला."

"काय घातलंस?"

"तुमच्याच बरणीतलं. पचतं म्हनला व्हता ना लोकांना."

तो घशात बोटं घालायला गेला, उलटी झाली, पुन्हा झाली. "का गं? मी तुझं काय वाकडं केलं?"

"निघोज्याचा ज्ञानदेव. प्रेसवर होता, कंबर दुखायची. चाकणच्या बाजारात पुडी दिली तुमी. माझा नवरा."

साहेबरावानं डोळे बारीक केले. तो खरोखर आठवत होता. आणि मग म्हणाला, "कोन ज्ञानदेव?"

कस्तुरा सांगते, ते दोन शब्द त्यानं काढले नसते तर ती कदाचित उठली असती. ते ऐकलं आणि ती दाराशी स्टूल ओढून बसली. बाहेर टाळांच्या दुकानात कुणीतरी टाळ वाजवून बघत होतं. साहेबरावानं फोन उचलला, बोटांत धरवला नाही, खाली पडला. तिनं तो उचलून आपल्या मांडीवर ठेवला. तो घामानं भिजला होता. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "ठोका चुकतोय. दवाखान्यात ने. पाया पडतो."

"नेते. पन डॉक्टरला काय सांगायचं न्हाई. त्यांना मुळ्या कळत न्हाईत. उगा भ्या घालत्यात मानसाला."

हे तिनं वर्षभर घोकून ठेवलं होतं. बोलून झाल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं, ते वाटलं नाही. साहेबराव रडायला लागला. किती वेळ ती तशी बसली, ते तिला सांगता येत नाही. ती त्याच्याकडं बघत होती. गाल चाचपणारा हात, ज्ञानदेवची होती तशीच बोटं. तो पायाकडं बघायला लागला तेव्हा ती उठली. दया आली म्हणून नव्हे, असं ती आजही ठासून सांगते. "मेला असता तर लोक म्हनले असते बाबा हार्ट अटॅकनं गेला. बरणीवर हार घातला असता. मला त्यो जिता पाहिजे व्हता, आनि बोलता."

तिनं त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं. "रिक्षा आनते. पन तिथं तुमी बोलायचं. तुमच्या तोंडानं, लोकांसमोर. मी एक अक्षर बोलनार न्हाई. न बोलला तर मरा."

त्यानं मान हलवली.

रिक्षावाल्यानं आणि शेजारच्या माळवाल्यानं त्याला उचलून घातलं. वाटेत तो वाकडा होऊन तिच्या खांद्यावर पडला, तिनं ढकललं नाही की धरलंही नाही. दवाखान्यात पोरसवदा डॉक्टर होता. वायरी लावल्या, पडद्यावर रेघा वेड्यावाकड्या नाचायला लागल्या. नर्स धावल्या. डॉक्टरनं विचारलं, "बाबा, काय खाल्लं?"

आणि बघा माणूस. मरणाच्या दारात असताना साहेबराव म्हणाला, "जेवनातून काहीतरी..."

डॉक्टरनं कस्तुराकडं बघितलं. "तुम्ही कोण यांच्या? तुम्हाला काही माहीत आहे?"

कस्तुरा भिंतीला टेकून गप्प उभी राहिली. माळवाला म्हणाला, "अगं बोल की बाई!" ती बोलली नाही. पडद्यावरची रेघ दोनदा तुटल्यासारखी झाली, मशीन ओरडायला लागलं. डॉक्टर वाकला, ओरडला, "बाबा! औषध घेतलं का काही? सांगा पटकन!"

"बचनाग," साहेबराव म्हणाला. जीभ जड झाली होती, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "कच्चा बचनाग. मीच इकतो. माझ्या दुकानातला."

मग पुढचं डॉक्टरांचं काम. नसेतून औषधं, शॉक, दुसऱ्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना फोन. बचनागावर उतारा असा नसतो म्हणतात. ठोका सांभाळत, विष उतरेपर्यंत माणसाला धरून ठेवायचं. त्यांनी धरून ठेवलं. साहेबराव वाचला. काय झालंय ते वेळेत कळलं म्हणून वाचला, असं डॉक्टरच म्हणाला. हे वाक्य ऐकून कस्तुरा बाहेर व्हरांड्यात आली आणि पहिल्यांदा, ज्ञानदेव गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं ओरडून रडली. लोकांना वाटलं बायको असेल.

विषाचं प्रकरण म्हणून पोलीस आले. या वेळी विजयश्री म्हणून फौजदारीणबाई होत्या. साहेबराव शुद्धीवर होता, जबाब द्यायला तयार होता. आता जीव वाचल्यावर त्याला राग आला होता. त्यानं हात लांब करून कस्तुराकडं दाखवलं. "या बाईनं मला मारायला डबीतलं बदललं. माझं चांगलं चूर्न काढलं आनि बरणीतलं भरलं."

विजयश्रीबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "तुमचं चांगलं काढलं? मग बरणीत कुठलं होतं?"

साहेबरावानं पांघरूण वर ओढलं.

"सांगा ना. तुमच्यासाठी वेगळं होतं का? आणि बरणीतलं कुणासाठी होतं?"

त्याची बायको विमलबाई पायाशी बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. ती म्हणाली, "आवो, गप बसा आता." पण उशीर झाला होता. बाईंनी मग कस्तुराला विचारलं, खरं आहे का. कस्तुरा म्हणाली, "व्हय, बदललं. आनि माझ्या नवऱ्याच्या पोटात काय निघालं ते तुमच्या चाकणच्या ठाण्यात पडलंय, ते काढा आता."

गाळ्याला सील लागलं. बरणीतलं चूर्ण तपासणीला गेलं, तेच निघालं. ज्ञानदेवची केस वर आली आणि साहेबरावावर गुन्हा दाखल झाला. कस्तुरावरही झाला. ती काही दिवस आत होती, मग जामीन झाला. मिनल तेवढे दिवस माझ्याकडं होती. जेवायची नाही, नुसती भिंतीकडं तोंड करून पडायची.

कस्तुरा सुटून आली तेव्हा लाईनीतल्या बायका ओवाळायला उभ्या होत्या. काही जणी उभ्या नव्हत्या, दार लावून आत होत्या. तेही मला चुकीचं वाटलं नाही. आळंदीची सरूबाई तर इथपर्यंत पत्ता काढत आली आणि दारात उभी राहून तिनं शिव्या दिल्या. "माझा गुडघा त्यानं बरा केला व्हता. आता कोन देनार मला पुडी? तुझ्या नवऱ्याला पचलं न्हाई, त्याला आमी काय करावं?"

कस्तुरानं तिला पाणी दिलं. "म्हातारे, तुझ्या पुडीतली मुळी कदी हलकी निघायची, कदी जड. ज्या दिवशी जड निघाली असती त्या दिवशी तू हितं शिव्या द्यायला आली नसतीस." सरूबाई पाणी पिऊन शिव्या देतच गेली.

नवनाथ गावाहून आला. "वहिनी, मेला असता तर फाशीच होती. पोरीचा इचार करायचा."

कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. एकाच व्हरांड्यात दोघं बसतात, तो त्याच्या केसला, ती तिच्या. पहिल्या तारखेला तो काठी टेकत तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, चुकलं माझं. माफी माग म्हनली तर मागतो."

तिनं मोबाईल काढला, ज्ञानदेवचा फोटो लावला आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला. "ह्यो बघा. आठवला का?" त्यानं मान खाली घातली. "खाली न्हाई. हिकडं बघा." दर तारखेला ती नवा फोटो दाखवते. लग्नातला, कंपनीच्या गेटवरचा, मिनलला खांद्यावर घेतलेला. साहेबराव हल्ली तिला बघितलं की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. ती तिकडं जाते.

मागच्या महिन्यात विमलबाई आली होती. माझ्याच खोलीत, माझ्यासमोर बोलणं झालं. वकिलानं सुचवलं असेल. ती हात जोडून म्हणाली, "आमचे हे कोर्टात सांगतील, डबी कुनी बदलली ते मला नक्की आठवत न्हाई. तुमी मोकळ्या व्हाल. तुमी फक्त एवढं सांगा, की आळंदीच्या दुकानात शुद्ध करायचे ते तुमी बघितलंय. खोटं न्हाई ते. करायचेच की डबीतलं."

मिनल आत अभ्यास करत होती. पुस्तक ठेवून ती बाहेर आली. "मम्मी, हो म्हण."

कस्तुरा माझ्या मशीनवरच्या चिंध्या गोळा करायला लागली.

"मम्मी, पप्पा गेले. तू पण आत गेलीस तर मी कुणाकडं राहू? काकूंकडं?" काकू म्हणजे मी. "त्या दिवशी तू स्टुलावर बसलीस तेव्हा माझा विचार आला होता का तुझ्या मनात? एकदा तरी?"

माझं मशीन बंद होतं, तरी मी पायडलवरून पाय काढून घेतला. कस्तुरानं पोरीकडं बघितलं. तिला खोटं बोलता आलं असतं. "न्हाई आला," ती म्हणाली.

मग विमलबाईकडं वळून म्हणाली, "तुमी जावा. मी अडकले तर अडकले. त्यो सुटाय नको."

विमलबाई उठली. दारातून वळून म्हणाली, "आमालाबी पोरं हायत." कस्तुरानं दार लावून घेतलं.

मिनल त्या दिवसापासून आईशी कामापुरतंच बोलते. कॉलेजला जाते, संध्याकाळी एका मेडिकल दुकानात बसते. कस्तुराला कुठल्या कँटीनवाल्यानं परत घेतलं नाही, जेवणाच्या कामाला तिला कुणी घेणार नाही. ती आता एका गोडाऊनमध्ये खोके बांधते. कालच ब्लाउजाचं माप द्यायला आली होती, कोर्टात नेसायच्या साडीवर. मी टेप लावत असताना म्हणाली, "खांद्यात जरा सैल ठेव. मागच्या वेळी हात वर करून फोटो दाखवताना दाटलं."